पुढे खडी

हेल्मेट घालताना कान दुमडतो, आणि आधी आतली ती बया बोलते:
"जोडणी झाली."
तिला काय जातंय म्हणायला.

ओतिलियाच्या पोरानं, बाउतिस्तानं, रात्री स्वयंपाकघरात बसून
दोन्ही हेल्मेटांत कानाच्या चकत्या चिकटवल्या,
हिरवी वायर गालाच्या गादीखाली दडवली,
मग आईला आणि मावशीला समोरासमोर बसवून विचारलं,
"ऐकू येतंय?"
दोघींनी त्यालाच सांगितलं, "येतंय."

कोच्राने सोडलं तेव्हा सकाळचे आठ.
अंगठ्याला नोटरीची कालची शाई.
आईची जमीन: नदीकडची तिला, लेंगाच्या रानाची मला.
सहा वर्षं आम्ही हे तोंडानं बोललो नाही,
वकिलांच्या तोंडानं बोललो.
आता माझ्या कानापासून बोटभर अंतरावर
तिचा श्वास.

नाही, श्वास नाही. खोटं कशाला.
हे यंत्र श्वास पोचवत नाही.
आवाज ठराविक मापाच्या वर गेला तरच त्याचं दार उघडतं.
उसासा त्या मापात बसत नाही,
हुंदका बसतो की नाही, मी तपासलं नाही.
शिंक बसते. बाकेरवरच्या नारिंगी पुलावर
तिची शिंक माझ्या डोक्यात फुटली
आणि आई म्हणायची तसं मी म्हणून गेले, "सालूद."
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग: "पुढे खडी."

इतकंच आमचं बोलणं.
पुढे खडी. डावीकडे गाय. ट्रक येतोय, धूळ, काच खाली कर.
गुआनाको, दोन. नाही, तीन.
खड्डा. खड्डा. अगं, खड्डा म्हटलं ना.
ती पुढे, कारण ती नेहमीच पुढे;
रस्ता तिला आधी दिसतो,
मला तिच्या आवाजात.

खोक्यावर लिहिलंय, एक किलोमीटर.
लिहिणाऱ्यानं हे डोंगर पाहिले नसणार.
कड्याला वळसा घातला की ती तुटते:
आधी शब्दांची शेपटं जातात, मग शब्द,
मग ती बया, निर्विकार: "जोडणी तुटली."
मग मी, इंजिन, आणि खाली सरोवराचं निळं,
जे बघ म्हणायला कुणी नाही.

तिसऱ्या वळणानंतर ध्यानात आलं,
"जोडणी झाली" दर वेळी दोनेक मिनिटांतच येतं.
मी हळू चालवते, ती सुसाट. हिशेब बसत नाही.
म्हणजे वळणापलीकडे कुठंतरी
ती पाय टेकून उभी राहते, डोळे आरशात,
आणि कानात टुक् वाजलं की गिअर टाकते,
जणू थांबलीच नव्हती.
मी काही म्हणाले नाही.
दार उघडेल एवढा आवाज लागला नाही मला.

त्रांकिलोला पेट्रोल भरलं. हेल्मेटं काढली.
एका बाकावर बसून तळलेली पोळी खाल्ली,
एकाच नळीनं आळीपाळीनं माते ओढला,
केस चपटे, गालांवर गादीचे वळ.
एक शब्द नाही.
हेल्मेट चढवलं, बयेचं सांगून झालं,
तशी म्हणाली, "मीठ कमी होतं."

सेर्रो कास्तियोला खडी संपते.
तिथून कोयाइकेपर्यंत डांबर,
मध्ये पिवळी रेघ, सांगण्यासारखं काही नाही.
मी वाट पाहिली. दहा मिनिटं. वीस.
बॅटरी उतरलीय, बयेनं दोनदा बजावलं.
लेंगाची झाडं तांबडी होऊन उभी.
डांबर. डांबर.
आणि मग त्या सरळ, कोरड्या रस्त्यावर
ओतिलियाचा आवाज, जरा चढा, दार उघडेल एवढाच:
"पुढे खडी."

मी नीट पाहिलं. एक दगड नव्हता.
"दिसली," म्हणाले. "सावकाश जा गं."