लॉगर क्रमांक एकेचाळीस

आमच्या धंद्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत,
बर्फ किती तास टिकतो त्यात मोजतात.
साकीनाका ते नागपूर, विमानाने दीड तास,
असं गिऱ्हाइकाला सांगायचं.
मग हळूच सांगायचं की त्याआधी
मरोळच्या सिग्नलला पाऊण तास,
कार्गोच्या खिडकीशी तीन,
वजन, शिक्का, परत वजन,
आणि पलीकडे सोनेगावला उतरल्यावर
कुणाचा तरी डबा खाऊन संपेपर्यंत.
रस्त्याने पावणेआठशे किलोमीटर, तेरा तास,
उईके चालवत असेल तर बारा.
लसींना मी रस्ता सुचवतो.
पेटी कुणाच्या हातात आहे, तेवढं तरी माहीत असतं.

तुझी बदली झाली तेव्हाही मी तेच बोललो:
दीड तास तर आहे.
तू बॅगेत इस्त्री कोंबत होतीस.
म्हणालीस, कुठून कुठपर्यंत दीड तास?
मी तिकीट दाखवलं.

चैत्रात उईकेबरोबर तुला पापलेटं पाठवली,
थर्माकोलची पेटी, जेलच्या चार विटा,
आणि हाताच्या सवयीने आत एक लॉगर पडला,
काडेपेटीएवढा,
दर दहा मिनिटांनी तापमान लिहून ठेवणारा.
मासे पोचले. छान होते, म्हणालीस.
लॉगरचं दोघांच्याही लक्षात नाही.

तेवीस दिवसांनी तो परत आला,
संत्राबर्फीच्या डब्याला रबरबँडने बांधलेला.
ऑफिस रिकामं झाल्यावर संगणकाला जोडला.
पहिले बारा तास नेहमीचे.
इगतपुरीच्या बोगद्यात दोन अंशांवर सरळ रेघ,
जालन्यापाशी रात्री अडीचला एक उसळी
(उईकेने झाकण उघडलं होतं, अजून कबूल करत नाही),
मग सकाळी पेटी फुटली आणि रेघ
तुझ्या घरात शिरली.

सदतीस. अडतीस. दुपारी तीनला चाळीस.
साडेसहाला उतरायला लागते:
तू बँकेतून आलीस, कूलर लावलास.
रविवारी दिवसभर खालीच.
एका मंगळवारी मात्र उतरलीच नाही.
आठ, नऊ, साडेअकरा.
त्या रात्री फोनवर म्हणाली होतीस,
जेवले लवकर, झोपते आता.
मी त्या मंगळवारवर बोट ठेवून बसलो.
वीज गेली असेल.
मोटर बिघडली असेल.
लॉगर तापमान लिहितो,
दार कोणी उघडलं ते लिहीत नाही.
ऑडिटमध्ये मीच हे वाक्य किती वेळा ऐकवलंय लोकांना.

मग दिसलं ते, जे आधी बघायला हवं होतं.
रोज रात्री दोन-सव्वादोनला
रेघ दीड अंश वर चढते
आणि वीस मिनिटांत पुन्हा खाली.
कूलरचं पाणी संपतं.
तू उठतेस. बादली भरतेस. ओततेस.
तेवीस रात्री, एकही चुकलेली नाही.
मंगळवारची सोडून.
दोन वाजता मीही जागा असतो इथे,
कार्गोचा फोन येईल म्हणून उशाशी हात ठेवून,
आणि तुला फोन करत नाही,
तू झोपली असशील म्हणून.

शुक्रवारी संध्याकाळी गोदामात
पेट्या चढत होत्या.
लॉगर पुसून कोरा केला, बटण दाबलं,
हिरवा दिवा एकदा लुकलुकला.
तो माझ्याच खिशात टाकला
आणि केबिनमध्ये चढून बसलो.
उईके म्हणाला, साहेब, तुम्ही विमानानं जा ना,
दीड तास.

भिवंडीपर्यंत मी काही बोललो नाही.