पावणेतीन व्होल्ट

नाट्याच्या सड्यावर, अमावास्येला,
म्हैस दिसली ती थेट बॉनेटला टेकल्यावर.
तिने मान वळवून पाहिलं
माझ्या ॲम्बॅसिडरच्या दोन दिव्यांकडे,
कुणी दोघं विड्या ओढत उभे असावेत तसे ते,
आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी मुनाफ सोलकरकडे.
बंदराच्या चढाला, उंडीखाली त्याचं दुकान :
एक बाकडं, एक मीटर, जुन्या हॉर्नांची माळ,
आणि सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास, तो भाड्यातच धरलेला.
शंभर वॅटचे बल्ब मी पिशवीत घेऊनच गेलो होतो.
त्याने पिशवीकडे पाहिलंही नाही.
मीटरची लाल पिन बॅटरीला लावली : साडेबारा.
बल्बच्या पाठीला लावली : पावणेदहा.
"मधले पावणेतीन गेले कुठं, सर?"

चाळीस वर्षांची वायर सोलली
तर आत तांबं नव्हतं, हिरवा भुगा होता.
समुद्र तसा अर्ध्या मैलावर,
पण रोज रात्री चढ चढून येऊन
एकेक सांधा चाटून गेलेला.
स्विचमध्ये एक व्होल्ट सापडला, डिपरमध्ये अर्धा,
फ्यूजच्या चिमट्यात पाव.
उरलेला एक शोधत तो मडगार्डच्या आत वाकला,
गंजलेला बोल्ट नखाने टोकरला
आणि आतूनच म्हणाला,
"सर, हिला अर्थच नाय."

मी मराठी शिकवलं, बत्तीस वर्षं.
नववी ब, मागचं बाक, हाच.
'खालील ओळींचा अर्थ स्पष्ट करा', चार गुण.
त्याने तिथे होडीचं इंजिन काढलं होतं,
पिस्टनसकट,
आणि मी लाल शाईत शून्य.
आठवत असेल का, चेहऱ्यावरून कळेना.
तो पॉलिशपेपरने रंग खरवडत होता,
पांढरा पत्रा लागेपर्यंत.

मग दोन रिले.
तीस, सत्याऐंशी, पंच्याऐंशी, शहाऐंशी :
चार पायांचे चार आकडे त्याने
पाढ्यासारखे म्हटले, एकही न चुकता.
"आजपर्यंत सगळा बोजा ह्या स्विचच्या डोक्यावरून जायचा.
आता तो फक्त सही करणार.
माल परस्पर बॅटरीकडनं."
जाड वायर, मध्ये फ्यूज, सांध्यांना ग्रीस.
"ते शंभरचे घरी ठेवा. होल्डर वितळंल.
दिवा उपाशी होता, लहान नव्हता."

तिन्हीसांजेला गाडी शाळेच्या भिंतीसमोर लावली.
पंचवीस फूट, पावलांनी मोजून.
मुनाफने खिशातून खडू काढला
आणि भिंतीवर आडवी रेघ ओढली.
फळ्यावर मला इतकी सरळ कधी जमली नाही.
"ह्याच्या वर उजेड जाता नये.
समोरनं येणाऱ्याला पण डोळे असतात."
स्क्रू फिरवत राहिला. उजवा खाली.
अजून खाली. थोडा वर. ऱ्हाऊ दे.
रेघेखाली उजेड लोंबू लागला
शिरोरेघेखाली अक्षर लोंबावं तसा.

बिल वहीच्या पानावर :
रिले दोन, होल्डर दोन, वायर, मजुरी.
शेवटची ओळ : अर्थ, दोन्ही बाजू, ०.
मी वर पाहिलं.
तो रॉकेलने हात पुसत होता, एकेक बोट.

परतताना पुन्हा सडा.
पायाखालचा डिपर दाबला,
बॉनेटच्या आत कुणीतरी टक् केलं
आणि कातळ उठून बसला.
करवंदीची जाळी. चिरेखाणीचं तोंड.
किलोमीटरचा दगड, त्यावरचा पुसट आकडा,
जो मी इतकी वर्षं अंदाजाने वाचत होतो, चुकीचा.
म्हशीचे डोळे, हिरवे, लांबूनच.

समोरून सायकल येत होती, बिनदिव्याची.
तिच्यावरच्याने कोपर डोळ्यांवर धरलं.
मी पाय दाबला. टक्.
उजेड रस्त्यावर उतरला.
तो हात करून गेला.
कोण, ते दिसलं नाही.