सातवा रकाना

शाहूपुरीत गुळाच्या जुन्या वखारीवर आमचं ऑफिस.
जिना अरुंद. कठड्याला हात लावला की अजून चिकटतो.
वर आलेला माणूस आधी धाप टाकतो, मग पाणी मागतो,
आणि पेला ठेवता ठेवता हळूच विचारतो,
"हितं तक्रार केली तर गावात कळतंय काय?"

मी आवक लिपिक. शिक्का माझा, शाई माझी,
निकाल माझा नव्हे.
अर्जाला सात रकाने. चौथा 'भेदभावाचे स्वरूप'.
त्यात दीड ओळ मावते.

पाडळीचे आजोबा सांगत होते,
"चाळीस वर्सं त्यो माजी दाढी परड्यात बसवून करतोय,
दुकानात न्हाई.
आता नातवालाबी म्हणतोय, परड्यात ये."
मी लिहिलं : सेवा नाकारणे.
"नाकारली कुटं? केली की. परड्यात केली."
मी खोडलं. दुसरं काही सुचेना.
दीड ओळीत परडं बसेना.

हिरेमठ मॅडम म्हणतात, रडणं नोंदवू नका, तारीख नोंदवा.
खरं आहे. तारखेवर नोटीस निघते.
पंधरा दिवसांनी खुलासा येतो,
साऱ्या जिल्ह्याला एकच टायपिस्ट असल्यासारखा :
'आमच्या मनात तसे काही नव्हते.'
मनात काय होतं, याला रकाना नाही.
कधी समेट होतो. दोघं सह्या करतात,
एकाच किटलीतला चहा पितात,
आणि उतरताना एक जण भिंतीकडून जातो, दुसरा कठड्याकडून.

मंगळवारी नसरीन शिकलगार आली.
सीपीआरला नर्स. रात्रपाळी संपवून थेट,
ओढणीला डेटॉलचा वास.
अर्ज घरून लिहून आणलेला, अक्षर सुवाच्य,
तारीख, वेळ, आगाऊ दिलेली रक्कम, परत आलेली रक्कम.
फ्लॅट नाकारण्याचं कारण :
'आमची सोसायटी शाकाहारी आहे.'

मला हसूच आलं. कोल्हापुरात!
रविवारी कुठल्या मजल्यावर कुकरची शिट्टी होत नाही, दाखवा मला.
मग मी सोसायटीचं नाव वाचलं.

गोकर्ण अपार्टमेंट, प्रतिभानगर.
तिसऱ्या मजल्यावर मी राहते.
ती सभा आमच्याच हॉलमध्ये भरली होती.
आत मटण शिजत होतं, बाहेर पाटणकरकाका म्हणत होते,
"शाकाहारी म्हणून सांगू. म्हणजे वाईट दिसत नाही."
सगळ्यांनी माना डोलावल्या.
मी नाही डोलावली.
शिट्टीनं कुणाला ऐकू येईना, म्हणून आत जाऊन
गॅस बारीक करून आले.
त्या सभेत माझं म्हणणं तेवढंच.

शिक्का उचलला. आवक क्रमांक एकशे सतरा.
पॅड सुकलेलं, दोनदा दाबावा लागला.
नसरीन म्हणाली, "सातवा रकाना रिकामाच सोडलाय, ताई.
साक्षीदार कुठून आणू?
वर मीटिंग चालली होती, मी खाली गेटपाशी उभी.
वास तेवढा येत होता."

खाली वखारीत कुणीतरी ढेप फोडत होतं.
मी पोच दिली. तिनं नीट चौघडी करून पर्समध्ये ठेवली,
कठड्याला हात न लावता उतरली.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही.
दाखल अर्जात लिपिकानं काही भरायचं नसतं,
हा नियम नव्या मुलांना मीच शिकवते.
कपाटातून एक कोरा अर्ज काढला.
पेन हातात.
अकरा वर्षांत या कागदावर कितीजणांची नावं लिहिली,
माझं कधी लिहिलं नव्हतं.

सातव्यात लिहू, साक्षीदार म्हणून?
की दुसऱ्यात, जिथं समोरच्याचं नाव येतं?
आणि चौथ्यात काय?
गॅस बारीक केला, हे दीड ओळीत बसतं.
तेच तर.

मॅडम हात धुऊन आल्या, म्हणाल्या,
"कुणाचा अर्ज आहे हो?"