तिसरी

भाट्याच्या खाडीवर पेपर लिहायचाय,
तिसऱ्या का कमी झाल्या, एवढाच विषय.
अट: संदर्भ दहा, आणि दहाही पीअर-रिव्ह्यूड.

म्हणजे कसले, ते विचारायला ग्रंथालयात गेले
तर खडपे मॅडम डांबरगोळ्यांच्या वासात बसलेल्या.
एका लेखाचं पहिलं पान त्यांनी माझ्याकडे फिरवलं,
तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं:
मिळाला, तीन जून. सुधारून आला, जानेवारी.
स्वीकारला, मार्च.
"हे नऊ महिने बघ. ह्यात दोन माणसं आहेत.
लेखकालाही त्यांची नावं ठाऊक नाहीत.
कशावरून, कशावरून, एवढंच विचारत बसलेली."

मग मी मला सापडलेला दाखवला.
नियतकालिकाच्या नावात 'जागतिक' दोनदा.
सोमवारी मिळाला, गुरुवारी स्वीकारला,
पैसे भरायचं बटण पानोपानी.
आत लिहिलेलं: तिसऱ्या खडकाला चिकटून वाढतात.
मॅडम काही बोलल्या नाहीत,
चष्मा पुसत राहिल्या.

घरी आत्याला वाचून दाखवलं.
"खडकाला कालवां गो!
ह्या मेल्यानं पाय तरी भिजवलान काय?"
हसताहसता ती एकेक तिसरी दुसरीवर वाजवत होती,
टक्, टक्, टक्,
आणि एक बद्द.
तेवढी बाजूला. आत नुसता चिखल.
चुकून राहिली तर अख्खं कालवण कचकचतं.

रात्री, डेटा संपता संपता,
एक खरा मिळाला. अठरा पानं, अर्धी डोक्यावरून गेली.
शेवटी दोन अनाम समीक्षकांचे आभार.
आणि मधेच कुठेतरी, पद्धतीच्या परिच्छेदात:
नमुने पुलाजवळच्या स्थानिक महिलेकडून विकत घेतले.

आत्याला हलवून उठवलं.
"व्हता एक," ती डोळे न उघडता म्हणाली,
"बारकी पन घेतलान सगली. घासाघीस नाय.
मीच सांगलं तेला,
रेतीचे बारज लागल्यापासनं गावत नाय म्हणून."

पान चौदा. निष्कर्ष. तेच,
फक्त आकड्यांत.

दोघांनी तपासलेलं.
तिसरी भिंतीकडे तोंड करून
पुन्हा घोरायला लागली.

मी यादीत अकरावा आकडा घातला.
आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर,
कंसात साल.

कुठलं साल लिहू?