मानेवरचा निळा

बैरूतच्या त्या घरात माझ्याआधी एक सुझी होती.
तिचा एप्रन मला आला, तिच्या सपाता,
तिची अर्धी झिजलेली साबणाची वडी,
आणि नावही.
मॅडम म्हणाली, तुझं फार लांबलचक, मुलं अडखळतात.
येशीहारेग. हजारांतली वेल, असं काहीसं.
कुणाला सांगत बसणार?
सात वर्षं, सुझी म्हटलं की
मी ओल्या हातांनी धावत गेले.

गळ्यातला दोरा पहिल्याच आठवड्यात गेला.
मळकट दिसतो म्हणाली, कात्रीनं कापला,
बटाट्याच्या सालींवर टाकला.
ऐंशीव्या दिवशी पाण्यातून काढल्यावर बांधलेला.
दोरा कितीदा झिजला, कितीदा नवा आला,
पण गाठ तीच, असं आई म्हणायची.
बाल्कनीत गालिचा झटकताना
हात नकळत गळ्याशी जायचा,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसा.

परत आले तर तळ्याकाठी निलगिरी माजलेली
आणि आई नव्हती.
पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, बैरूतवाली आली.
झालं. आणखी एक नाव.

मरियमच्या देवळाबाहेर चपला काढल्या.
आबा मरेसांचा लाकडी क्रूस आधी कपाळाला लागला, मग ओठांना.
तीन महिने त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं:
बुडालेला पगार, चोरलेलं अत्तर,
सहाव्या मजल्यावरून एकदा खाली बघत राहिले होते ते.
आणि मग साधंच विचारलं,
बाप्तिस्म्याचं नाव काय तुझं?

आठवेना.
ते नाव रोजच्या वापरातलं नसतंच.
आमच्यात ते प्रभुभोजनाला निघतं, आणि मातीला.
मधल्या काळात आई सांभाळते,
सणाच्या भांड्यासारखं, कुठंतरी उंचावर.

अत्सेदे, माझी धर्ममाता, कॉफी भाजत होती.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
तिनं माझं तोंड चाचपलं, कान चाचपले.
अमेते मरियम, म्हणाली.
दुसरा पेला संपेस्तोवर गप्प.
मग, नाही गं, ती बर्हानूची पोर.
तू वलेत्ते किदान. कराराची लेक.
मग कपाळाला हात लावून,
सतरा लेकरं धरली मी पाण्यावर, चुकतही असेन.
पण तू रडली नव्हतीस, एवढं नक्की.

आबांना सांगितलं, दोन नावं आहेत,
त्यातलं एक बहुधा माझं.
वाटलं, वही काढतील. वही नव्हतीच.
ते हसले, दातांतल्या फटीतून.
त्याला विसर पडला असता, पोरी,
तर तू एवढ्या लांबून आली असतीस कशाला?

त्या रात्री अंधारात
दोन्ही नावं हळू म्हणून पाहिली.
पहिल्याला काही झालं नाही.
खरं सांगायचं तर दुसऱ्यालाही नाही.
गुडघे दुखेपर्यंत तशीच बसले.
पण कुणीतरी ऐकत होतं,
आणि त्याच्या ऐकण्यात
माझ्यासारखी चलबिचल नव्हती.

रविवारी रांगेत पुढे पोरंटोरं, मागे म्हाताऱ्या,
मधे मी, उपाशी, डोक्यावर पांढरी नेतेला.
आबा म्हणाले, वलेत्ते किदान.
मी धावले नाही.
हात कोरडे होते.

निघताना एक मेणबत्ती त्या आधीच्या सुझीसाठी लावली.
तिचं खरं नाव काय होतं, विचारलंच नव्हतं कधी.
प्रार्थनेत तेवढी जागा कोरी ठेवली,
ज्याला ठाऊक आहे तो भरेल.

अत्सेदेनं चाचपडत नवा दोरा बांधलाय.
बाजारातला, स्वस्त. पहिल्याच उन्हात रंग सुटला,
घामाबरोबर मानेवर निळा उतरलाय,
नेतेलाच्या काठालाही लागलाय.
चुलती म्हणते, साबण लाव, निघेल.
म्हटलं, राहू दे.