थांगपत्ता

सोआचाच्या नगरपालिकेसमोर, फुटपाथवर,
माझं टेबल, टाइपरायटर, आणि पावसाला-उन्हाला एकच छत्री.
अर्जाचे दोन हजार पेसो. नक्कल हवी तर कार्बनचे वेगळे.
डोंगरावरच्या लोकांकडून मी कार्बनचे घेत नाही,
हे बायकोला माहीत नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा चपलांना पिवळा चिखल होता.
नाव सांगितलं : एउस्ताकिया मोस्केरा पालासिओस.
टाइप केलं. वय? एकावन्न. टाइप केलं.
पत्ता?

ती जे बोलू लागली ते पत्त्यासारखं नव्हतंच :
टँकर थांबतो तिथून वर, टायरांच्या पायऱ्या चढून,
निळ्या पत्र्याचं घर लागलं की डावीकडे.
कुत्रं भुंकलं तर तुम्ही चुकलात,
नाही भुंकलं तरी चुकलात,
कारण ते मेलं गेल्या महिन्यात.

हसली. मीही हसलो.
खिडकीमागची बाई हसणार नव्हती.
फॉर्मवर पत्त्याची चौकट, आणि चौकट रिकामी दिसली
की ती कागद बोटाच्या टोकाने परत सरकवायची.
पत्ता नाही म्हणून नळ नाही,
नळ नाही म्हणून मंगळवारचा टँकर आणि बादलीमागे भाव,
दवाखान्याचं कार्ड नाही, पोराच्या शाळेचं पत्र
खाली पानवाल्यासारख्या एका टपरीवर पडून.

“तिकडे,” ती म्हणाली, “आमच्या नदीला थांग नव्हता.
बांबू घातला तरी तळ लागायचा नाही.
पण कुणाही होडीवाल्याला विचारा, एउस्ताकियाचं घर कुठं,
तो अंधारातसुद्धा आणून सोडायचा.
मग बंदूकवाले आले.
त्यांनाही कुणीतरी असंच आणून सोडलं,
दारात.”

यावर मी काही टाइप केलं नाही.

रविवारी वर गेलो. सोळा वर्षं या लोकांचे अर्ज लिहिले,
डोंगर पहिल्यांदा चढलो; तीनदा बसलो.
सामाईक चुलीभोवती भांडण पेटलेलं :
गल्ल्यांना नावं कुणाची?
येफेर्सनला फुटबॉलवाले हवे होते.
म्हाताऱ्या तिबुर्सिओला हवी होती गावांची, सुटलेल्या.
“गावाची नकोत,” एउस्ताकिया म्हणाली,
“गावाचं नाव काढलं की रडू येतं,
आणि पत्ता रोज सांगायचा असतो.”

म्हणून नद्या. ज्याने त्याने आपापली आणली,
लहानशी, ओढ्याएवढी असली तरी.
उरलेला निळा रंग, एक ब्रश, पोरांची रांग.
दारावर आकडे. कोपऱ्यावर नावं.
मी खिळे धरले; तेवढंच जमत होतं.

अर्ज गेला, चारशे बारा सह्या, त्यात सत्तर अंगठे.
मी बजावलं होतं : पंधरा दिवस मोजा, कामाचे,
सोळाव्या दिवशी न्यायाधीश.
चौदाव्या दिवशी उत्तर : या गल्ल्या नकाशात नाहीत.
“नकाशा कधीचा?” तिने खिडकीत विचारलं.
बाईने पहिल्यांदाच मान वळवून भिंतीकडे पाहिलं,
कोपऱ्यातला बारीक आकडा वाचला. अठ्ठ्याण्णवचा.
“मी दोन हजार दोनला आले,” एउस्ताकिया म्हणाली,
जसं कुणी उशिरा आल्याची माफी मागावी,
आणि कागद तिनेच परत आत सरकवला.

पुढे चौदा महिने. ते सांगत बसत नाही.
दोनदा फाइल हरवली, एकदा न्यायाधीश.

काल ती आली, हातात पाकीट,
पोस्टमनने दारात आणून दिलेलं.
आत पाण्याचं बिल.
पाणी अजून यायचं आहे, पाइप निम्म्या डोंगरावर अडलाय,
बिल आधी चढून आलं.
डोंगरावर रात्री ढोल वाजले म्हणे, एका बिलापायी.
तिबुर्सिओ ते हुंगून बघत होता.

मी म्हटलं, अभिनंदन.
“वाचा नीट,” ती म्हणाली.
मुंगिदो गल्लीचं त्यांनी मुनगिदा केलं होतं.
म्हटलं, चालतं हो, पोचलं ना.
तिने छत्रीखालचं स्टूल ओढलं, बसली.
“नदीचं नाव चुकलंय. कागद लावा.”

मी कागद लावला. मागे कार्बन.
ती किल्ल्यांवर नजर ठेवून एकेक अक्षर सांगू लागली, सावकाश,
माझं बोट थांबलं की पुन्हा.