सांधणी

दाजी पेठेतल्या रात्रशाळेत
साडेसातच्या तासाला
मी फळ्यावर लिहिले: राज्यसभा. स्थायी सभागृह.
आणि त्याखाली: कधीच विसर्जित होत नाही.

शेवटच्या बाकावर पोशट्टी गड्डम,
वय एक्कावन्न, दहावीचा फॉर्म भरलेला,
कानामागे सुताचा पिंजर अडकलेला.
"कधीच नाही, बाई?
मग माणसं म्हातारी होत नाहीत का तिथं?"

होतात. एकेकाची मुदत सहा वर्षं.
दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा उठतो,
तेवढेच नवे येऊन बसतात.
सभा म्हणून रिकामी होत नाही.

तो हसला. "हे तर माझंच काम.
बीम संपत आला म्हणून माग उपसत नाही कुणी.
जुन्या तारेच्या शेंड्याला नवी तार,
बोटाला राख लावून
एकेक गाठ.
दोन हजार चारशे तारा, पहाट होते.
फणी तीच राहते."

"त्यांना निवडतं कोण?"
नरसव्वा बिंगी, विडी कारखान्यातून थेट आलेली,
नखात तंबाखू.
तुम्ही आमदार निवडता. आमदार त्यांना.
"म्हणजे आम्ही लांबून."
लांबून, मी म्हणाले.

पसंतीक्रम समजावताना खडू मोडला.
जिंकून उरलेली मते
पुढच्याच्या पदरात कशी पडतात
हे मी सांगेपर्यंत तिला कळले होते:
हजार भरले की उरलेली पाने
ती शेजारणीच्या सुपात सारते,
रोज,
आणि त्याला काही नाव नाही.

मग धनविधेयक.
पैशाच्या कायद्यावर हे सभागृह फक्त सुचवू शकते.
चौदा दिवसांत परत धाडायचे.
खालच्यांनी ऐकले तर ऐकले.
वर्ग एकदम गप्प. मग पोशट्टीच:
"बोनसच्या बैठकीला आम्हालाही बोलावतात.
चहा असतो.
सुचवतो आम्ही."

बाहेर कुठल्याशा मागाचा खडखडाट
मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला.
घंटा होऊनही तो बसून होता.

"एक विचारू?
सांधा जिथं येतो तिथं कापडात रेघ उठते.
तेवढा टॉवेल सेकंडमध्ये जातो.
त्यांच्या कापडात
ती रेघ कुठं येते?"

मी पुस्तक चाळले.
मुदत होती, संख्या होती, पात्रता: वय वर्षे तीस.
गाठींबद्दल काही नव्हते.

"परीक्षेला येईल का हे?"
नरसव्वा दारातून, एक चप्पल पायात.

येईल, मी म्हणाले.
दोन गुणांना.